झारेकरी

सोनं फार बारीक केलं की पिवळं राहत नाही.
हे बाबांना फोनवर सांगितलं तर हसले.
हुपरीत चाळीस वर्षं मुशीपुढं बसलेला माणूस.
म्हणाले, मग ते सोनं नव्हेच, पोरी.

इथं शेफील्डच्या तळघरात
ते बाटलीत कोकमाच्या पाण्यासारखं दिसतं.
सकाळी उंदरीच्या शेपटीत सुई. वजन बावीस ग्रॅम.
मग वाट बघायची, रक्त त्याला कुठं नेतं.
बरंचसं यकृतात फुकट जातं,
थोडं, अगदी गुंजेच्याही खिजगणतीत नसलेलं,
गाठीत साचतं.

आमच्या आळीत झारेकरी यायचे,
गटारातली माती परातीत हलवत,
चमक दिसेपर्यंत अक्षर न बोलणारे.
मी स्कॅनच्या पडद्यापुढं तशीच बसते.
करड्या रंगात एक पांढरा डाग:
इथं.
याच्या बाहेर ऊब जाता कामा नये.

शेजारच्या विनिफ्रेड ओल्ड्रॉइडबाईंना
हे सगळं सांगायला नको होतं.
त्यांचा नवरा पोलादाला पाणी द्यायचा, नुसत्या नजरेनं:
आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा.
निळ्याच्या पुढं गेलं की पातं मेलं.
'आधी बघता आलं पाहिजे,' त्या म्हणाल्या,
'तापवायला काय, कुणालाही येतं.'
मग कपाची कड बोटानं पुसत,
'माणसांना कधी देणार?'

त्यांची गाठ स्वादुपिंडात आहे. एप्रिलपासून.

'अजून उंदरांतच आहोत,' मी म्हणाले.
स्टॉपवर पोचेपर्यंत बस निघून जावी
तशी त्यांनी मान हलवली,
आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडं सरकवला.

आज त्रेचाळीस अंशांवर सात मिनिटं धरलं.
लगेच किरण, नेहमीच्या निम्मे.
तापलेली पेशी स्वतःची डागडुजी विसरते म्हणतात;
म्हणतात काय, मीच तसं लिहिलंय अहवालात.
चौदा नंबरची उंदरी आता पिंजऱ्यात
दोन्ही पंजांनी तोंड धुतेय.

हातमोजे काढले. बाटली विसळली.
बाबा हात धुतलेलं पाणीसुद्धा फेकत नसत,
पिंपात साठवायचे, दिवाळीच्या आधी गाळायचे.
इथंही ते वेगळ्या कॅनमध्येच ओतायचं असतं,
नियम म्हणून.
मी मात्र ओतताना आतला तांबूस रंग
जरा जास्तच वेळ बघत राहते.

उद्या बुधवार.
ओल्ड्रॉइडबाईंचा कचऱ्याचा डबा
रस्त्यापर्यंत ओढून ठेवायचाय.