दोन्ही दारं उघडी

डॅरिल पेरेराला मोठे कॅम हवेत.
गाडी खैरानी रोडच्या गल्लीत, अर्धी माझ्या शटरखाली,
अर्धी शेजारच्या प्लास्टिकच्या गोण्यांत.
टर्बो त्यानं आधीच बदलून आणलाय वसईहून,
बोनेट उघडून दाखवतो, दुपटं जरासं बाजूला करून
घरातलं नवं बाळ दाखवावं तसं.
"अंकल, साडेपाच हजारांनंतर दमच सोडते."

मी हात पुसतो.
जुन्या कॅमवरून नख फिरवतो :
सव्वाआठ मिलिमीटरची उचल,
कंपनीनं पोरांना शाळेत सोडायला दिलेली.
तो फोनमध्ये बघून आकडे वाचतो. तीनशे अंश. भरपूर ओव्हरलॅप.
"उभी असली तरी गुरगुरली पाहिजे."

ओव्हरलॅप म्हणजे (हे मी त्याला सांगत नाही)
जळलेलं बाहेर जायचं दार अजून पुरतं लागलेलं नसतं
आणि ताज्या हवेचं दार किलकिलं झालेलं असतं,
एवढाच क्षण.
साध्या इंजिनात तो भला असतो.
जाणारा जाता जाता
येणाऱ्याला आत ओढून घेतो.

भांडुपला, टेंभीपाड्याच्या खोलीत
आई पहिल्या पाळीची, बाबा दुसऱ्या.
दोन वीस ते दोन चाळीस.
ताट एकच. बाबा अर्ध्यावर उठायचे,
उरलेल्यावर आई बसायची,
किल्ली हातातून हातात,
आणि काहीतरी हसण्यासारखं, जे मला कधी कळलं नाही.

मग बाबांच्या कंपनीच्या गेटवर नोटीस लागली.

टर्बोचं असंच असतं. बाहेरच्या वाटेत चक्र बसवलेलं,
धूर अडतो, तुंबतो,
बाहेरचा दाब आतल्यापेक्षा चढला
की उघड्या दारातून
जळलेलंच परत आत येतं.
बाबा चपला घालायचे आणि जायचे नाहीत.
वीस मिनिटांची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ.
मी जिन्यात बसून पाढे म्हणायचो,
एकोणतीसचासुद्धा, मोठ्यानं.

डॅरिलला म्हणालो, उचल वाढवतो. ओव्हरलॅप नाही.
"पण आवाज?"
आवाजाचं मग बघू.

पटवेकर चाचांनी कुर्ल्यात घासून दिले,
चष्मा कपाळावर, बोटांनीच बघत :
साडेनऊ उचल, पाकळ्या एकमेकींपासून लांब.
स्प्रिंगा कडक घेतल्या.
पिस्टनच्या डोक्यावर पुतणीच्या डब्यातली
जांभळी माती थापली, हेड बसवलं, आवळलं,
आणि पान्यानं दोन वेढे, अगदी हळू,
झोपलेल्याच्या मानेखालून हात काढावा तसे.
हेड उचललं. मातीत व्हॉल्व्हचा चंद्रकोरी ठसा.
ब्लेडनं कापून मोजला, सगळ्यात पातळ जागी :
दोन पॉइंट एक.
पुरे. एवढं अंतर राहिलं की दोघंही वाचतात.

पहाटे चारला फ्रीवे.
पांजरापोळचा बोगदा संपला, तीन हजार, काही नाही.
डॅरिलनं माझ्याकडे बघितलं.
चार हजारांना शिट्टी,
मग खांबांवरचे दिवे एकमेकांना चिकटले,
मिठागरं कुठून सुरू झाली कुठं संपली,
सहा हजार, साडेसहा, अजून ओढतेय,
आणि पस्तिशीचा, दोन पोरांचा बाप डॅरिल
नुसता "आयला, आयला" म्हणत होता.

परतताना साकीनाक्याच्या सिग्नलला
गाडी गप्प उभी राहिली. सुई हलली नाही.
त्याचा जरा हिरमोड झाला असावा.

जुने कॅम मी तेलकट फडक्यात गुंडाळून
फळीवर ठेवतो, नाव आणि तारीख घालून.
बरेच जण परत येतात.
"पेरेरा" लिहिलं, खडू ठेवला.
पाच वाजून दहा.
प्रज्ञाची आज पहिली पाळी, राजावाडीला.
अजून निघाली नसेल.