नाव लिहायचं नाही

उंटवाडीच्या त्या खोलीत न्यायासन उंचावर नाही.
साधं टेबल, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.
मॅडम काळा कोट गाडीतच ठेवून येतात.
पोलीसही साध्या कपड्यांत, नियमच तसा,
बूट तेवढे राहून गेलेत,
तपकिरी, पॉलिश केलेले.
पोरगा त्या बुटांकडेच बघत उभा.

"बस," मॅडम म्हणतात.
तो आधी खुर्चीकडे बघतो, मग माझ्याकडे:
खरंच का?

माझा अहवाल सात पानांचा.
वय सोळा वर्षं दोन महिने. शाळा नववीत सुटली.
वडील: अधूनमधून.
व्यसन: पंक्चरचं सोल्युशन, हे त्यानं आपणहून सांगितलं.
छंद हा रकाना मुलं कोरीच सोडतात.
यानं बराच वेळ विचार केला, म्हणाला,
पतंगाला कणी बांधता येते.
दुसऱ्यांच्याही बांधून देतो.

पोपटराव गांगुर्डे भिंतीशी बसलेले,
उजवा हात प्लास्टरमध्ये,
अंबडची रात्रपाळी दीड महिना बुडालेली.
मोबाइल मिळाला, काच तडकून.
"हाताचं काय?"
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
पंख्याचा आवाज तेव्हा ऐकू आला.
जाताना म्हणाले, पोराटोरांचं कोर्ट हे.
मी दार धरून उभी होते.
चूक नव्हतं त्यांचं.

आदेश झाला.
विशेष गृह नाही. एक वर्ष परिवीक्षा,
दर सोमवारी माझ्यासमोर सही,
आणि दोन महिने सिव्हिलमध्ये स्ट्रेचर ढकलणं,
हाडांच्या वॉर्डात.
वॉर्ड मीच सुचवला होता.
मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, आणि लिहिला.

तिसऱ्या सोमवारी तो आलाच नाही.
अडीचला स्कूटर काढली.
नासर्डीच्या पुलापलीकडे पत्र्याच्या खोल्या,
दारात तो, मांडीवर बहिणीचं बाळ.
"ताई मार्केटला गेलीये. याला कुणाकडं ठेवू?"
अटीचा भंग लिहायचा, नाहीतर खोटं.
मी रजिस्टर पुढे केलं.
त्यानं बाळाच्या डोक्यावरून हात लांबवून सही केली.
बाळानं पान मुठीत धरलं,
कोपरा फाटला.
स्थळ: घरी. तेवढं खरं लिहिलं.

मुदत संपली की ही फाइल नष्ट होईल.
कायदाच सांगतो, याच्या कपाळावर
काही उरायला नको.
चोवीस वर्षं मी विसरण्याचा पगार घेते,
आणि इमानदारीत विसरते,
नावं तर आधी.

पण गेल्या सोमवारी
सही करून तो दारापर्यंत गेला, परत आला.
"मॅडम, त्या काकांची मूठ वळते का आता?"
हे कुठल्या रकान्यात घालू?
समासात पेन्सिलनं लिहिलंय.
फाइलबरोबर तेही जाईल.

शुक्रवारी अंबडला जाणार आहे.
गांगुर्डे दार उघडतील की नाही,
ठाऊक नाही.