चार बोटं

चीनकडून आलेले रूळ इथे संपतात
आणि कझाकस्तानचे सुरू होतात,
चार बोटं जास्त रुंद.
हातमोजा काढून मी स्वतः मोजलं :
पंच्याऐंशी मिलिमीटर.
तेवढ्यापायी अख्खी गाडी उतरवायची
आणि शेजारच्या गाडीवर चढवायची,
एक्केचाळीस पेट्या,
गवताळ माळावरच्या बोचऱ्या वाऱ्यात.

मला अल्माटीहून पाठवलं ते
एक स्टॉपवॉच, एक तक्ता आणि एक वाक्य देऊन :
गाडीमागे एकशे बारा मिनिटं जातात,
नव्वदच्या आत आण.

पहिले तीन दिवस मी फक्त थांबणं मोजलं.
गोठलेलं कुलूप, चार मिनिटं.
शिक्का नसलेला कागद, अकरा.
येरमुखान चहाला गेला, नऊ.
सगळ्यांभोवती लाल शाईचं वर्तुळ.
मिनिटांचे पैसे करायचं सूत्र सोपं असतं,
उलटं करायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

चौथ्या दिवशी क्रेनवर चढलो.
वीस मीटर उंचावर झानिल बसते,
पायांखाली काच आणि काचेखाली गाड्या.
बारा तास मान खाली.
"शरमेनं नव्हे," ती म्हणाली,
"पगारासाठी."

पेटी उचलायची, न्यायची, टेकवायची,
मग रिकामी पकड घेऊन मागे यायचं.
पुन्हा. पुन्हा.
"हा बघ हेलपाटा," ती म्हणाली.
"पश्चिमेची गाडी येते सहा तासांनी.
दोघी शेजारी लावा,
जाताना एक नेईन, येताना एक आणेन.
माझ्या आजोबांचा घोडा
कुरणावर मीठ घेऊन जायचा, लोकर घेऊन यायचा.
घोड्याला कळत होतं."

आधी कुणाला सांगितलं नाहीस?
सांगितलं होतं.
पण गाड्यांचं वेळापत्रक एका कचेरीत,
क्रेनचं दुसरीत,
आणि त्या दोन कचेऱ्यांमधलं अंतर
चार बोटांहून पुष्कळ जास्त.

जानेवारीपासून गाड्या शेजारी लागू लागल्या.
ब्याऐंशी मिनिटं!
मुख्यालयाला स्वर्ग दोन बोटं उरला.
भिंतीवर आलेख लागला, खाली माझं नाव.

थांबणं संपलं,
आणि थांबण्यात काय काय होतं
ते तेव्हा दिसायला लागलं.
येरमुखानची बोटं चहाच्या पेल्याभोवती असायची.
ती ऊब तो पुढच्या गाडीभर पुरवून वापरायचा.
फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी
बधिर हातांकडून एक कुलूप सोडवायचं राहिलं.
झानिलनं पेटी उचलली
आणि पेटीसोबत वाघीणच
एका अंगानं रूळ सोडून वर आली.
खाली सात माणसं.
तिनं ती इतकी हळू टेकवली
की यार्डात कुणाला आवाजही आला नाही.
मग रेडिओवर एकच शब्द :
"चहा."

मी तक्त्यात ती नऊ मिनिटं परत घातली.
ब्याऐंशीची एक्याण्णव झाली.
साहेब म्हणाले, नव्वदच्या आत म्हटलं होतं.
मी म्हटलं, हो.
पुढे बोललो नाही, तेही बोलले नाहीत.

अहवालाच्या सदतिसाव्या पानावर
एक ओळ अजून मंजुरीच्या वाटेवर आहे :
केबिनच्या तळकाचेला वायपर हवा.
बाहेरून बर्फ धरतो, आतून तिचा श्वास.
आतलं ती रुमालानं पुसते,
बाहेरचं अंदाजानं बघते,
दर पेटीमागे अकरा सेकंद.
वायपरची किंमत
माझ्या तिथल्या हॉटेलच्या एका रात्रीहून कमी.

काल फोन केला.
"थांब हं," ती म्हणाली,
आणि काचेवर कापड घासल्याचा आवाज आला.
मोजायचं नाही असं ठरवलं होतं.
तेरा.