बायचा रकाना

खानापूर. कौलांच्या भट्टीमागचं मैदान.
फायनल संपली तेव्हा साडेपाच वाजले होते.
तंबूत आम्ही पाच वार्ताहर,
पाच कोऱ्या चिठ्ठ्या, एक स्टीलचा डबा,
आणि बाहेर बक्षिसाची सायकल,
सीटवरचं प्लास्टिक अजून न काढलेली.

"सर्वोत्कृष्ट खेळाडू. एकच नाव लिहा,"
सेक्रेटरी म्हणाला, "आणि लवकर,
माइकवाल्याला लग्नाला जायचंय."

पस्तीस वर्षं मी खेळाचं पान भरतोय.
परशराम मुतगेकरच्या चौकाराला
मी 'घणाघाती' लिहिलं.
तसाच चौकार बसवंतप्पाने मारला
तेव्हा 'नशिबाची साथ'.
खोटं एकही अक्षर नव्हतं.
विशेषणं तेवढी घरची होती.

आणि सात सामने मी स्टंपांमागेही बघत होतो:
ईरण्णा मडिवाळर,
बैलहोंगलहून पहाटेच्या बसने येणारा,
ग्लोव्हजच्या अंगठ्याला ट्यूबचं ठिगळ.
स्लिपमधल्या पोराला म्हणायचा,
"जरा तिकडं सरक की रे, दोन बोटं."
पोरगं सरकायचं,
आणि पुढचा चेंडू नेमका त्याच्या पोटात.

मला माहीत होतं.

पण समोर चिकमठ बसलेला, कन्नड पेपरचा,
पेनाचं टोपण चावत.
हा आपल्याच माणसाला देणार, मी धरून चाललो.
म्हणजे तराजू सरळ राहायला
मी आपल्याला द्यायला हवं.
(आमच्याकडे हा हिशेब
दुकानाच्या पाटीवरूनही करतात.)
लिहिलं: परशराम.

डबा उघडला.
चौथी चिठ्ठी कानडी अक्षरांत.
जन्म माझा इथलाच,
तरी बसची पाटी सोडली तर
ती लिपी मला लागत नाही.
सेक्रेटरीने वाचली:
परशराम मुतगेकर.

चिकमठ खाली बघून म्हणाला,
"ईरण्णा माझ्या बायकोच्या गावचा.
त्याला दिलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

चहा आला. त्याने बशीत ओतला.
मी कपातूनच प्यालो, जीभ भाजेपर्यंत.

परशरामने सायकलवरून मैदानाला फेरी मारली,
मागे पोरांचा घोळका, शिट्ट्या.
ईरण्णा स्टंप उपटत होता,
सहाच्या सहा,
टोकांची लाल माती पँटीला पुसत.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री बातमीसाठी स्कोअरबुक उलगडलं.
बायचा रकाना: पहिला सामना, रिकामा.
दुसरा, रिकामा.
सातही घरांत शाईचा ठिपका नाही.
इतकं स्वच्छ काम
की कागदावर उमटतच नाही.

बेळगावहून डेस्कचा फोन:
"दोन ओळींची जागा उरलीय. काय घालायचं?"

सायकलचा रंग सांगायचा राहिला होता.
तो सांगितला.