करंगळी

माह्या डाव्या हाताची करंगळी वाकडी हाये.
घाटंजीच्या जिनिंगमागं, फाटक्या मॅटिंगवर
ग्लोव्हज नसतानी अडवलेला
अंकुश मडावीचा एक चेंडू.
सही म्हना त्याची.

रन-अप सरकीच्या ढिगापासून.
पुढं नागपूर, मंग पार परदेश.
टीव्हीवाले त्याचा वेग आकड्यात सांगत.
आमी कबुतरांवरून मोजला होता:
मी चुकलो, चेंडू टिनावर आदळला
की सारं छप्पर उडून जाये, पांढरं.

मंग पाठीचं हाड. मंग तेच हाड.
मंग कोनाचा फोन नाही.

परवा आला ठेल्यावर.
पान घेता घेता माही करंगळी धरून पाह्यली.
"दुखते का बे?"
"हिवाळ्यात."
"माही पाठबी."

बाकडं ओढलं आमी
जरासं उन्हात.