पारवा

श्रीलतानं फोनवर रंगाचा तुकडा पाठवला,
नखाएवढा, खाली नंबर.
"नाना, हा घेऊ या. वॉर्म ग्रे. फिकटातला."
मी दाराबाहेर बघितलं. एप्रिल.
हैदराबाद रोडचं डांबर चपलेला चिकटून येत होतं,
त्रेचाळीस डिग्री,
आणि पुण्याहून पोरगी म्हणते
भिंती उबदार पाहिजेत.

बत्तीस वर्षं मी डाय हाऊसात काढली.
लाल ओतला, मोरपंखी ओतला,
आणि तो राणी कलर, जो पहिल्याच धुण्याला
चादरीतून गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो
आणि शिव्या मला पोचतात.
माझ्या नखांवरून घरात वार कळायचा:
हिरवा असला की सोमवार.
राखाडी कुणी मागितला नाही कधी.
राखाडी म्हणजे कुंडातलं शेवटचं पाणी,
सगळे रंग भांडून दमल्यावर
नाल्याकडे निघालेलं.

"राखाडी म्हणू नका घरात," राजमणी बोलली
सुपातली तंबाखू बाजूला सारत.
"राख कशाला तोंडात? पारवा म्हणा की."
आणि पुढची विडी वळायला घेतली.

दस्तगीर पेंटरनं डबा फोडला,
खिडकीपाशी हातभर पट्टा मारला.
श्रीलता व्हिडिओ कॉलवर म्हणाली, छान!
मी म्हटलं, नाही.
नंबर बरोबर होता, रंग गार होता.
खालून निळा डोकावत होता,
विहिरीत जास्त वेळ पोहलेल्या पोराच्या
ओठांवर येतो तो.
"मशीननं मिसळलाय चाचा, मशीन चुकंल का?"
मशीन नाही चुकत.
त्याला आमची उत्तरेची खिडकी माहीत नाही,
एवढंच.

मग मी वाटी मागितली.
दस्तगीरच्या पिशवीतून पिवळ्या स्टेनरची बाटली काढली,
मोजून नऊ थेंब. लाल गेरूचे दोन.
काळ्याला हात लावला नाही.
ढवळलं, काडी नखावर टेकवली, फुंकर मारली.
ओला रंग गोड बोलतो.
वाळेपर्यंत आम्ही दोघं उकिडवे बसून राहिलो,
दस्तगीर बिडी न पेटवता.

दुसरा पट्टा सकाळी शाळूच्या पिठासारखा दिसला,
दुपारी पारव्याच्या पोटासारखा.
रात्री ट्यूबलाइटखाली आजारी पडला
म्हणून मी पिवळा बल्ब आणला, ऐंशी रुपये,
आणि तो लावून स्टुलावरून उतरताना
ओळखलं.

ग्रे.
आमच्या रजिस्टरात पहिला कॉलम तोच असायचा:
ग्रे सूत, इतके किलो.
गठ्ठा सोडल्यावर, कुंडात जायच्या आधी,
खांद्यावर घ्यायची ती कोरी लड.
बत्तीस वर्षं रोज सकाळी
हा रंग माझ्या गालाला लागत होता
आणि मी रोज त्याला बुडवत होतो.

हे कुणाला सांगितलं नाही.
श्रीलतानं विचारलं, नाना, नवा नंबर काय?
मैत्रिणीला पाहिजे.
मी म्हटलं, नऊ आणि दोन.
ती हसली. तिला वाटलं चेष्टा.

चारही भिंती झाल्या.
देवांचे फोटो परत चढले, ते जरा जास्तच ठळक दिसायला लागले,
मार्कंडेयाची फ्रेम पुसायला लागली पहिल्यांदा.
राजमणी सूप घेऊन जुन्या जागी बसली
आणि सवयीनं डोकं मागे टेकवलं.
"अवो काकू, वल्ला हाय!" दस्तगीर शिडीवरून ओरडला.
तिनं अंबाडा चाचपला, बोटं बघितली,
पांढऱ्यात पारवा कुठं लागलाय
मलाही सापडेना.

भिंतीवर बशीएवढी जागा राहिली,
खोबरेल तेलाची, पुसट.
दस्तगीर म्हणाला, परत एक हात मारतो.
मी म्हटलं, राहू दे.
वाळू दे आधी.