वाल थांबत नाहीत

गावदेवीची जत्रा रविवारी.
वाल मात्र शुक्रवारी रात्रीच विचारतात,
किती जण?

सून म्हणाली, आई, ग्रुपवर टाका की.
टाकलं. तळवलीची जत्रा, सर्वांनी जेवायला यावे.
खाली बारा जणांचे जोडलेले हात.
जोडलेल्या हातांचा अर्थ येतो असाही होतो
आणि माफ करा असाही.

स्वयंपाकघरात माझ्या लेखी दोनच जाती,
थांबणाऱ्या वस्तू आणि न थांबणाऱ्या.
सुके बोंबील थांबतात. अंडी थांबतात,
ट्रेभर आणून ठेवलीत, कमी पडलंच तर रश्श्यात सोडायला.
तांदळाचं पीठ चाळून डब्यात,
उकड पाच-पाच माणसांची काढायची,
दारात चपला दिसल्या की पुढची.
वाटण दुप्पट करून अर्धं फ्रीजमध्ये.
रबाळे नाक्यावरच्या खाटकाला सांगितलंय,
दोन किलो नक्की, दोन बाजूला ठेव,
अकरापर्यंत माझा फोन नाही आला तर विकून टाक.
तो म्हणाला, ताई, जत्रेच्या दिवशी अकरा?
बरं, दहा.

पण बिरडं.
आज भिजले तर उद्या फडक्यात,
परवा सकाळी कोमट पाण्यात
आणि मग एकेक दाणा अंगठ्याने सोलायचा.
ऐनवेळी वाढवता येत नाही ते.
पाणी घातलं की पाणीच लागतं.
कमळाकरदादाला डॉक्टरांनी मटण बंद केलंय,
तो आला तर बिरड्यावरच जेवणार.
तुझा हात आईसारखा लागतो, म्हणाला होता एकदा,
सिडकोचं पत्र यायच्या आधी.

साडेबारा टक्क्यांचा प्लॉट. हक्कसोडाचा कागद.
दोन्ही भावांच्या सह्या,
खाली माझं नाव छापलेलं, पुढे जागा.
मी म्हटलं, वाचते आधी.
सहा वर्षं झाली.
अजून वाचतेय असं समजा.

आईचं पितळी मापटं. चार माणसांना एक.
घरचे पाच, नणंदेकडचे तीन, शेजारचे दोन, अडीच मापटी झाली.
दादाकडचे सहा, रघूकडचे पाच,
म्हणजे वर काहीच नाही
किंवा पावणेतीन.
हे म्हणाले, दीड घाल, मधलं.
मधल्या आकड्याएवढी माणसं कधी जेवायला येत नाहीत हो.
घातली तीन. पूर्ण.
वर एक मूठ, आई घालायची तशी,
कोणासाठी ते न सांगता.

रविवारी साडेआठला नणंद जेवून निघाली.
गल्लीतून पालखी गेली, गुलाल उंबऱ्यापर्यंत आला.
दुसरे दोन किलो मी सकाळीच विकू दिले होते.
बिरड्याचं पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं,
वर तेल धरून गप्प.

पावणेदहाला दादाचा प्रणित.
मागे चार पोरं, हेल्मेटं हातात,
त्यातला एक घणसोलीत खोली घेऊन राहणारा, नांदेडचा.
आते, जेवाला हाय का?
हाय.

उकड काढली. अंडी सोडली.
सून भाकऱ्या थापायला बसली ती उठेचना.
नांदेडच्याने बिरडं तीनदा घेतलं,
मग विचारलं, हे असतं काय?
प्रणित म्हणाला, वाल. सोलायला दोन तास जातात.
हे त्याला घरात कोणी सांगितलं
ते मी विचारलं नाही.

निघताना स्टीलचा मोठा डबा दिला,
झाकण घट्ट, वर फडकं बांधून.
कोणासाठी, हे त्यानेही विचारलं नाही.
गाडीवर मांडीत धरून बसला नांदेडचा,
सांडू देऊ नको रे, प्रणित त्याला सांगत होता
कोपऱ्यापर्यंत.

आज गुरुवार.
डबा अजून आलेला नाही.
आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत.
वेळ लागत असेल.